पाण्यात उतरेपर्यंत किती?

बोटीच्या नाकाला दोरीने एक पुठ्ठा बांधलेला होता. त्यावर जाड मार्करने किंमत लिहिली होती आणि किमतीखाली बारीक अक्षरांत दोन शब्द होते, ‘पासून पुढे’. ते मी वाचले आणि वाचून सोडून दिले. सोळा फुटी अॅल्युमिनियमची बोट, बाजूला निळा पट्टा, तीन बाकं, पुढे नांगर ठेवायचा कप्पा, उजव्या हाताला स्टिअरिंग. पाच-सहा वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या बोटींतून फिरलो होतो. त्यांच्या सवडीने निघायचं, त्यांच्या सवडीने परतायचं. या बोटीच्या काठावर हात ठेवला तेव्हाच ती घ्यायची हे मनाने ठरवून टाकलं होतं, आणि समोर उभ्या असलेल्या विक्रेत्याच्या ते नजरेतून सुटलं नसणार.

“यात कमी किती होईल?” मी विचारलं.

त्याने कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवली, आत जाऊन आला आणि म्हणाला, “तीन टक्के. तेही आज विसार दिला तर.”

मला फार आनंद झाला. मागितलं आणि मिळालं! विसार मात्र दिला नाही, कारण नवऱ्याने माझा दंड हलकेच दाबला. “उद्या कळवतो,” असं सांगून कोटेशनचा कागद घेतला आणि आम्ही घरी आलो.

रात्री तो कागद एकेक ओळ करून वाचला. पहिल्या ओळीत पुठ्ठ्यावरची किंमत, दुसऱ्या ओळीत तीन टक्के वजा, आणि त्याखाली वाहतूक, तयारी, रिगिंग (इंजिन, केबल, तारा बोटीला जोडणं), कागदपत्रं, बॅटरी, पंखा (पाणी मागे ढकलून बोट पुढे नेणारा, प्रोपेलर), ट्रेलरचं जादा चाक, नोंदणी, कर. बेरीज पुठ्ठ्यावरच्या आकड्यापेक्षा एकोणीस टक्क्यांनी वर गेली होती. ‘पंखा’ या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. पंखा नसेल तर मोटरबोट पाण्यात करणार काय? तो वेगळा विकत घ्यायची वस्तू आहे हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

तीन टक्के खरे होते. विक्रेत्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. चुकला होता तो माझा प्रश्न. ‘कमी किती’ हा प्रश्न मी एका अशा वस्तूबद्दल विचारला होता जी त्या किमतीत पाण्यावर जाऊच शकत नव्हती. दुसऱ्या दिवशी फोन करून मी वेगळा प्रश्न विचारला: “बोट ट्रेलरवरून पाण्यात उतरेपर्यंत, सगळं धरून, आमच्या खिशातून एकूण किती जाणार? एक आकडा सांगा आणि त्यात काय काय आहे ते खाली लिहून द्या.” पलीकडे थोडी शांतता झाली. मग तो म्हणाला, “दोन दिवस द्या.”

पुढचे तीन आठवडे मी या व्यवहारात जे शिकले, ते त्या दोन दिवसांपासून सुरू झालं.

बोटीची किंमत इतक्या तुकड्यांत का असते, याचं उत्तर बोट बनते कशी यात आहे. सांगाडा एका कारखान्यात बनतो, इंजिन दुसऱ्या, ट्रेलर बहुतेक वेळा तिसऱ्या. तिघांना जोडून त्यांची बोट करण्याचं काम डीलरच्या शेडमध्ये होतं. मागे टांगायचं आउटबोर्ड इंजिन जन्मापासूनच असं सुटं आहे. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ साली अमेरिकेतल्या मिल्वॉकीत आपलं आउटबोर्ड इंजिन विकायला सुरुवात केली. वल्ही मारणं सोडा, ती फेकून द्या, अशी त्याची जाहिरात त्याची बायको बेस हिने लिहिली. हे दोघं बोट विकत नव्हते. लोकांच्या घरी जी होडी असेल तिच्या पाठीला अडकवायचं यंत्र ते विकत होते. होडी एकाची आणि इंजिन दुसऱ्याचं, ही रीत तिथून रुळली. पुढे १९७८ मध्ये मिसुरी राज्यातल्या जॉनी मॉरिसने बोट, मोटर आणि ट्रेलर एकत्र जुळवून तिघांना मिळून एकच किंमत लावली आणि ते ‘बास ट्रॅकर’ या नावाने विकायला काढलं. पहिल्यांदा बोट घेणाऱ्याची केवढी यातायात त्याने वाचवली असेल! पण अशा पॅकेजमध्ये एक गोष्ट आपसूक होते. कोणतं इंजिन, कोणता पंखा, कोणता ट्रेलर हे आपल्या वतीने दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि पुठ्ठ्यावरचा आकडा लहान दिसावा म्हणून ठरवलेलं असतं.

आमच्या बोटीवर स्टिअरिंगजवळ एक छोटी धातूची पट्टी होती. माणसं पाच, एकूण वजन इतके किलो, इंजिन जास्तीत जास्त ६० हॉर्सपॉवर. पुठ्ठ्यावरची किंमत होती ४० हॉर्सपॉवरचं इंजिन धरून.

मी विक्रेत्याला विचारलं, “चार माणसं, टाकी भरलेली, नांगर, दोर, सामान. बोट वर चढेल?”

वर चढणं म्हणजे बोटीने नाक खाली घेऊन पाण्याच्या पृष्ठभागावर घसरायला लागणं. ते झालं नाही तर बोट शेपूट बुडवून, नाक आभाळाकडे करून पाणी नांगरत राहते. पेट्रोल जळतं, पुढचं दिसत नाही, आणि लाट आली की पाठीमागून पाणी आत येतं.

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “दोघं असाल तर चढेल. चौघांना त्रास होईल.”

या उत्तराबद्दल त्या माणसाविषयी मला तेव्हाही आदर वाटला आणि आजही आहे. पण मी विचारलं नसतं तर त्याने आपणहून सांगितलं नसतं, हेही तितकंच खरं. अनुभवी बोटवाले सांगतात की पट्टीवर लिहिलेल्या कमाल ताकदीच्या पाऊण हिश्श्याच्या खाली जाऊ नये. आमच्या बाबतीत ते ४५ होतं. मी ६० वर बोट ठेवलं, आणि त्याला कारण होतं. काही कंपन्यांची ४० ते ६० हॉर्सपॉवरची इंजिनं एकाच ब्लॉकवर बांधलेली असतात. सुझुकीची चाळीस, पन्नास आणि साठची फोर-स्ट्रोक इंजिनं घ्या. तिघांचा ब्लॉक तोच, ९४१ घनसेंटिमीटरचा, तीन सिलिंडरांचा. वजन जवळपास सारखं. म्हणजे साठचं इंजिन घेतल्याने बोटीच्या शेपटावर जास्त भार येत नाही. किमतीतला फरक मात्र चांगला घसघशीत असतो. त्या फरकात लोखंड थोडं आणि गिऱ्हाइकाची गरज जास्त मोजलेली असते असं माझं मत झालं. तिथे डीलरला हात सैल सोडायला जागा असते. उरलेली घासाघीस मी तिथेच करायचं ठरवलं. तीन टक्के नकोत, साठचं इंजिन द्या.

मधल्या काळात दुसऱ्या एका डीलरकडून कोटेशन आलं. तीही सोळा फुटी, तीही नवी, आणि आठ टक्क्यांनी स्वस्त. नवरा म्हणाला, हा कागद पहिल्याच्या टेबलावर ठेव. मीही तो पिशवीत टाकला होता. पण निघण्यापूर्वी दोन्ही बोटींच्या पट्ट्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. आमच्या बोटीचा वर्ग होता ‘सी’, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मोजपट्टीवर सहापर्यंतचा वारा आणि साधारण दोन मीटरपर्यंतच्या लाटा गृहीत धरून तिची रचना झालेली. स्वस्त बोटीचा वर्ग ‘डी’. चारपर्यंतचा वारा, लाटा फुटाभराच्या, क्वचित दीड फुटाच्या. लांबी सारखी असली तरी काठाची उंची वेगळी, तळाचा आकार वेगळा. एका शांत तळ्यासाठी ती बोट उत्तम ठरली असती. पण तिच्या किमतीचा कागद दाखवून पहिल्याला ‘बघा, तो किती कमी मागतोय’ म्हणणं म्हणजे मला ठाऊक असलेली गोष्ट लपवून बोलणं झालं असतं. तो कागद पिशवीतच राहिला.

आता ‘वाहतूक’, ‘तयारी’ आणि ‘रिगिंग’. माझा सगळा राग या तीन ओळींवर होता. कारखान्यातून बोट आणायचा खर्च समजू शकतो, पण ‘तयारी’ म्हणजे काय? पुसून ठेवणं? मी तसं बोलूनही दाखवलं, आणि जरा तिखट बोलले. विक्रेता रागावला नाही. म्हणाला, “मॅडम, शनिवारी या. शेडमध्ये एक बोट तयार होतेय, ती बघा.”

आम्ही गेलो. अर्धा दिवस उभे राहिलो. ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, मेकॅनिकने आधी खालपासून वरपर्यंत मोजली, कारण इंजिनाच्या दांड्याची लांबी तिच्याशी जुळावी लागते. साधारण पंधरा इंचांची आखूड किंवा वीस इंचांची लांब. मग साखळीवर टांगलेलं शंभरेक किलोचं इंजिन त्याने हळूहळू खाली सोडलं. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती बोटीच्या तळाच्या रेषेशी जुळते आहे का, हे तो गुडघ्यावर बसून, सरळ फळी लावून पुन्हा पुन्हा बघत होता. ती फार खाली आली तर बोट पाणी ओढत चालते आणि फार वर गेली तर वळणावर पंख्यात हवा शिरून तो नुसता फिरतो. भोकं पाडण्याआधी त्याने खडूने खुणा केल्या, पुसल्या, पुन्हा केल्या. पाडलेल्या प्रत्येक भोकात सीलंट भरलं. “हे राहिलं की पाणी आत जातं,” तो म्हणाला, “आणि ट्रान्सममध्ये लाकूड असेल तर चार-पाच वर्षांत आतून कुजतं. वरून काही दिसत नाही.” मग स्टिअरिंगची केबल, गिअरची केबल, पेट्रोलची नळी, बॅटरीच्या तारा, तळातलं पाणी उपसणारा पंप. शेवटी इंजिन पाण्याच्या टाकीत सुरू करून थंड करणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडते का ते बघणं.

त्या भोकांच्या कडांना त्याने लावलेलं सीलंट आणि बोटाने पुसून घेतलेली त्याची गोल रेघ मला अजून दिसते. माणसाच्या जिवाची काळजी अशा ठिकाणी घेतलेली असते, आणि ती कोटेशनवर एका रुक्ष शब्दात लिहिलेली असते. ‘तयारी’ या ओळीवर मी परत बोलले नाही. त्या माणसाच्या कामाचे पैसे कापून मिळवलेली सूट मला नको होती.

पण शेडमधून बाहेर पडताना एक सरळ प्रश्न सुचला. जे काम मी पाहिलं ते सगळं ‘तयारी’त येत असेल, तर ‘रिगिंग’मध्ये काय? विक्रेत्याने कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि ती ओळ खोडली. वाद झाला नाही. कामाचं नाव घेऊन विचारलं की दोनदा लावलेली रक्कम आपोआप उघडी पडते. ‘कागदपत्रं’ या ओळीचंही अर्धं तसंच गेलं.

बोटीच्या पाठीला उजव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात एक क्रमांक कोरलेला असतो. दिसायला निरर्थक अक्षरं आणि आकडे. पण शेवटची चार चिन्हं वाचता येतात. एक अक्षर महिन्याचं (‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘बी’ म्हणजे फेब्रुवारी, याप्रमाणे), एक आकडा बनवलेल्या वर्षाचा आणि शेवटचे दोन मॉडेलच्या वर्षाचे. आमच्या निळ्या पट्ट्याच्या बोटीवर होतं एच ३ २४. म्हणजे सांगाडा बनला ऑगस्ट २०२३ मध्ये, मॉडेल २०२४ चं. आणि आम्ही उभे होतो तिथे २०२६ च्या मॉडेलांचे माहितीफलक लावायची तयारी चालली होती.

यात लपवाछपवी काही नव्हती, बोट नवीच होती, एकदाही पाण्यात न गेलेली. पण दुकानात दोन हंगाम काढलेल्या बोटीचं डीलरच्या बाजूने एक दुखणं असतं, ते मला हळूहळू कळत गेलं. मांडून ठेवलेला माल डीलरने बहुधा कर्जावर आणलेला असतो. सुरुवातीचे काही महिने व्याजाचा भार कारखाना उचलतो. ती मुदत संपली की व्याज डीलरच्या डोक्यावर येतं, आणि पुढे बोट विकली गेली नाही तरी मुद्दलाचे हप्ते भरावे लागतात. म्हणजे जी बोट मला सुंदर दिसत होती ती त्याला दर महिन्याला महाग पडत होती. हंगाम संपताना भाव नरम होतात ते यामुळेच. बोटींच्या प्रदर्शनांत, उदाहरणार्थ दर जानेवारीत ड्युसेलडॉर्फला भरणाऱ्या ‘बूट’मध्ये, पुढच्या मोसमाच्या ऑर्डरी घ्यायची घाई असते, तेव्हाही सवलती निघतात. पण कुठल्याही प्रदर्शनापेक्षा त्या कोरलेल्या चार चिन्हांनी मला जास्त बळ दिलं.

मी ते बळ वापरलं, आणि वापरताना आवाज चढवला नाही. म्हटलं, “ही दोन वर्षांपूर्वीची आहे, तुम्हालाही जड झाली असेल. आम्हाला हीच हवी आहे. साठचं इंजिन, पंखा आणि बॅटरी धरून हा आकडा लावा.” आणि कागदावर एक आकडा लिहिला. त्याच्या पहिल्या बेरजेहून तो बारा टक्क्यांनी कमी होता. तो आकडा मी हवेतून काढला नव्हता. प्रत्येक ओळीपुढे कारण होतं आणि ती कारणं माझ्या वहीत होती.

तो म्हणाला, “विचारून सांगतो.” मग आम्हाला आतल्या खोलीत, कर्जाची कामं बघणाऱ्या माणसाकडे पाठवलं.

त्या खोलीबद्दल मला थोडं निक्षून सांगायचं आहे, कारण पहिल्यांदा बोट घेणारा सर्वांत जास्त पैसे तिथे घालवतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. तिथे किमतीचा विषय निघत नाही. अत्यंत गोड आवाजात एकच प्रश्न येतो: “महिन्याला किती जमेल?” तुम्ही एक आकडा सांगता आणि हप्ता बरोबर त्या आकड्यात बसवून दिला जातो, मुदत वाढवून. मी घरी हिशोब मांडून गेले होते. समजा बोट शंभराला आहे आणि व्याज वर्षाला दहा टक्के. पाच वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता २.१२ पडतो आणि एकूण साधारण साडेसत्तावीस व्याजाचे जातात. मुदत दहा वर्षांची केली तर हप्ता उतरून १.३२ होतो, छान हलका वाटतो, आणि एकूण व्याज साडेअठ्ठावन्नच्या वर जातं. भांडून भांडून पाच टक्के कमी करून घ्यायचे आणि मग या खोलीत बसून एकतीस जास्त द्यायचे! तेही अशा वस्तूवर, जिची किंमत दर मोसमात उतरणार आहे. मी त्या माणसाला सांगितलं की आधी बोटीचा आकडा बाहेर पक्का होऊ दे, हप्त्याचं त्यानंतर बोलू. त्याने कागद मिटून ठेवले. पुढे आम्ही तीन वर्षांची मुदत घेतली आणि घरातला एक मोठा खर्च वर्षभर पुढे ढकलला.

इथे एक गोष्ट मनात सलते, ती लिहायला हवी. या तीन आठवड्यांत विक्रेता इंजिनाविषयी बोलताना बहुतेक वेळा नवऱ्याकडे बघून बोलला. प्रश्न मी विचारत होते, वही माझ्या हातात होती, उत्तर मात्र त्याला मिळत होतं. नवऱ्याने दोनदा सांगितलं, “तिला सांगा, बोट ती चालवणार आहे.” हे एवढ्यावर थांबत असतं तर मी सोडून दिलं असतं. पण इयन एअर्स आणि पीटर सिगलमन या दोन अमेरिकन संशोधकांनी शिकागो भागातल्या मोटारविक्रेत्यांकडे माणसं पाठवून तीनशेहून जास्त वेळा हे तपासलं होतं आणि १९९५ साली निष्कर्ष छापले होते. सगळ्यांनी तीच वाक्यं बोलायची, तीच पद्धत ठेवायची, असं शिकवून पाठवलेलं. तरी गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी भाव सांगितला गेला, बायकांना आणि कृष्णवर्णीयांना जास्त. घासाघीस सारखी, भाव वेगळा.

माझ्या वडिलांना घासाघीस पटत नसे. सांगतील ती किंमत ते देत किंवा परत येत. सतराव्या शतकातले इंग्लंडमधले क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे दुकानदारही हेच मानत. जी किंमत घ्यायची तयारी आहे तिच्याहून जास्त सांगणं म्हणजे खोटं बोलणं, म्हणून एकच भाव, पोरालाही तोच आणि सरदारालाही तोच. १८५२ नंतर पॅरिसच्या ‘बों मार्शे’ या मोठ्या दुकानात ते चालवणाऱ्या बुसिकोने वस्तूंवर ठरलेल्या किमतींच्या चिठ्ठ्या लावल्या तेव्हा किती लाजऱ्याबुजऱ्या माणसांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. मी या बोटीच्या भावासाठी रात्री जागून शिकले. मला वेळ होता, वाचायची सवय होती, सोबत दंड दाबणारं माणूस होतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याला तीच बोट एकोणीस टक्क्यांनी महाग पडते आणि तो आनंदाने घरी जातो. हे मला अन्याय्य वाटतं, माझा सौदा चांगला झाला असूनही.

चौथ्या दिवशी फोन आला. माझ्या बारा टक्क्यांपैकी नऊ त्याने मान्य केले होते. साठचं इंजिन, पंखा, बॅटरी सगळं धरून.

“मॅडम, याच्या खाली मला परवडत नाही,” तो म्हणाला.

आवाजात थकवा होता. कदाचित तो सराव केलेला थकवा असेल, मला सांगता येणार नाही. आणखी दोन टक्के निघाले असते का? निघालेही असते. पण सुरुवातीच्या श्रेणीतल्या बोटीवर डीलरला फार सुटत नाही. त्याची खरी कमाई नंतरच्या दुरुस्तीत, सर्व्हिसमध्ये आणि साहित्यात असते. आणि पहिल्या मोसमात काही बिघडलं की मला फोन करायचा होता तो यालाच. मी म्हटलं, “आकडा ठीक आहे. आता पैशाचं बोलत नाही. तीन गोष्टी कागदावर लिहून द्या.”

पहिली, इंजिनाची वॉरंटी ते बनल्याच्या नव्हे, आमच्या खरेदीच्या तारखेपासून मोजली जाईल. दुसरी, वीस तासांनंतरची पहिली सर्व्हिस याच किमतीत. तिसरी गोष्ट मला शेडमधल्या त्या मेकॅनिकने सुचवली होती, चहा पिताना, सहज. पंख्याला पिच असतो, म्हणजे एका फेरीत त्याने किती इंच पुढे सरकावं याचं माप. पिच जास्त असला तर इंजिन पूर्ण थ्रॉटल देऊनही हवे तेवढे फेरे घेत नाही, कुथत राहतं आणि लवकर झिजतं. कोणता पंखा जुळेल हे बोट, माणसं आणि सामान घेऊन पाण्यावर गेल्याशिवाय नक्की कळत नाही. आणि नवं कोरं इंजिन पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने पळवायचं नसतं, पहिले दहा तास त्याला सांभाळून रुळवावं लागतं. म्हणून मी लिहून मागितलं: पहिल्या सर्व्हिसपर्यंत पंखा जुळला नाही तर खर्च न घेता बदलून मिळेल.

विक्रेता हसला. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी नाव सांगितलं नाही. त्याने तिन्ही ओळी लिहिल्या, खाली सही केली, शिक्का मारला. मग मी विसार दिला.

बोट अकराव्या दिवशी मिळाली. पहिले दहा तास आम्ही ती सांभाळून चालवली, वेग बदलत, एकाच फेऱ्यांवर फार वेळ न ठेवता. बाराव्या तासाला चौघं बसलो, टाकी भरली, सामान चढवलं. पाणी शांत होतं. मी थ्रॉटल पुढे ढकलत नेलं. बोटीने नाक उचललं, मग खाली घेतलं आणि ती वर चढली, चौघांना घेऊन. माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. मग काट्याकडे पाहिलं. थ्रॉटल शेवटपर्यंत दाबलेलं, आणि काटा मिनिटाला ४,८०० फेऱ्यांवर थांबलेला. पुस्तिकेत या इंजिनासाठी मर्यादा दिली होती ५,००० ते ६,०००.

संध्याकाळी डीलरला फोन केला. पैसे पूर्ण दिलेले होते, माझ्या हातात आता फक्त तो कागद होता. कागदाचा उल्लेख करायची वेळ आली नाही.

“किती आले?” त्याने विचारलं. मी आकडा सांगितला. “माणसं किती होती?” चार. “दोन इंच कमी पिचचा लावू. इंचाला दीड-दोनशे फेरे वाढतात. शनिवारी घेऊन या. नाहीतर असं करू, मीच येतो, पाण्यावरच बघू.”

शनिवारी तो मेकॅनिकला घेऊन आला. पंखा बदलायला वीस मिनिटं लागली. मग चौघं पुन्हा बसलो, या वेळी माझ्या शेजारी नवऱ्याच्या जागी मेकॅनिक. मोकळ्या पाण्यात आल्यावर मी थ्रॉटल हळूहळू शेवटपर्यंत नेलं. विक्रेता मागच्या बाकावरून पुढे वाकला आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून त्याने मलाच विचारलं, “मॅडम, किती दाखवतोय?”

“बावन्नशे,” मी म्हटलं.

मेकॅनिकने मान हलवली. “ठेवा हाच.”